खिळ्यावरची पिशवी

संघपाल सरवदे सतरा वर्षं फौजेत होता. तिथून पेन्शन घेऊन आणि डाव्या पायाचं एक बोट बर्फात ठेवून तो करकंबला परतला. पुढं माजी सैनिकांच्या कोट्यातून पोलिसात लागला आणि सहा वर्षं अक्कलकोटच्या पलीकडं, कर्नाटकच्या हद्दीवरच्या नाक्यावर उभा राहिला. तिथं बर्फ नाही, एवढंच त्याचं त्या जागेबद्दल म्हणणं होतं.

नाक्याला लागून ईरम्माची चहाची टपरी. रात्रपाळी सकाळी आठला सुटली की तो यायचा, डब्याची पिशवी खिळ्याला अडकवायचा आणि टोपी काढून तिच्यात ठेवायचा.

"अव्वा, टोपी पिशवीत, फौजी सुट्टीवर."

पहिल्या वर्षी ईरम्माला याचं हसू आलं होतं.

त्या मंगळवारी आठ-वीसला त्याचा अर्धा चहा उरला होता. नंबरप्लेटला चिखल फासलेला वाळूचा टिपर आला. संघपालनं पेला बाकावर ठेवला, पिशवीतून टोपी काढली, नीट बसवली आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन हात वर केला. टिपर थांबला नाही.

पुढं सापडलेला ड्रायव्हर म्हणाला, फौजी घरी जायला रस्ता ओलांडत होता. उशिरा आलेला बदलीचा शिपाई तेव्हा चौकीमागं मोटारसायकल लावत होता, त्यानं काही बघितलं नव्हतं.

नवव्या दिवशी चौकशीचे साहेब टपरीवर आले. सोबत संघपालची बायको बुद्धप्रिया होती. कागदावर 'अपघात' लिहायचं की 'कर्तव्यावर असताना मृत्यू', एवढंच ठरायचं होतं.

"ते मोकळा रस्तासुद्धा दोनदा बघून ओलांडायचे, साहेब," बुद्धप्रिया म्हणाली.

बाकावर दोन टिपरवाले चहा पीत होते. ईरम्माची निम्मी गिऱ्हाइकं टिपरवालेच.

"मावशी, तुमचं तोंड तर स्टोव्हकडं होतं की," एकजण म्हणाला.

"व्हय. स्टोव्ह हितं, रस्ता बी हितंच. त्यानं टोपी घालून गाडीला हात केला."

साहेब म्हणाले, "टोपी घरी जाताना घातली असेल."

"घरी जाताना डोक्यावर हेल्मेट, टोपी पिशवीत. सहा वर्षं बघितलंय."

"पुरावा?"

ईरम्मानं मागं हात करून दाखवलं. पिशवी खिळ्यालाच होती. कुणी विचारली नव्हती, म्हणून तिनंही काढली नव्हती.

"घरी जाणारा माणूस डबा सोडून जातो का, साहेब?"

साहेबांनी पिशवी उघडली. धुतलेला डबा, शेजारी हेल्मेटखाली बांधायचा रुमाल. टोपी नव्हती. ती त्या मंगळवारीच रस्त्याकडेच्या चारीत सापडली होती, पंचनाम्यात नोंदही होती. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

"वाचून दाखवा," ईरम्मा म्हणाली.

"'वाहन अडवत असताना, कर्तव्यावर.'"

तिनं खाली कन्नडमध्ये सही केली. बुद्धप्रियानं रिकाम्या खिळ्याकडं एकदा बघितलं आणि चहा मागितला. टिपरवाले अर्धे पेले ठेवून उठले.

दुसऱ्या दिवसापासून ईरम्मानं दूध निम्मंच घ्यायला सुरुवात केली.