उन्हावरचा दिवा आणि माझा संशय

रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाचा स्वभाव संशयी होतोच, त्याला माझा इलाज नाही. मंगरूळपीरला बसस्टँडजवळ माझं दुकान होतं. येणारा प्रत्येक जण एकच सांगायचा, "काही नाई केलं, आपोआप बंद पडला." उघडून पाहावं तर आत कधी पाणी, कधी झुरळं, कधी घरच्याच एखाद्या शहाण्याने पेचकस फिरवलेला. दहा वर्षं हे 'आपोआप' ऐकल्यावर माणूस कोणावरच विश्वास ठेवत नाही. मी तरी ठेवत नव्हतो.

सत्तरचं दशक संपत आलं होतं, तेव्हा माझ्या डोक्यात उन्हावरच्या दिव्याचं खूळ शिरलं. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत ओळखीचा एक जण कामाला होता. ऊन पडलं की वीज देणाऱ्या चकत्या तिथे बनवून पाहत. त्यातल्या फुटक्या, टाकून द्यायला काढलेल्या चकत्या त्याने मला कागदात गुंडाळून आणून दिल्या. मी त्यांचे बोटाएवढे अठरा तुकडे निवडले, एकामागोमाग एक जोडले, वर काच बसवली. झाली प्लेट. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात मोटारसायकलची जुनी बॅटरी ठेवली, प्लेटची लांब तार तिला जोडली, झाकणावर टॉर्चचा बल्ब लावला, उचलायला बादलीची कडी जोडली. दिवसभर ऊन दाखवलं की संध्याकाळी दोन तास उजेड, आणि एका हाताने कुठेही न्या. बाप्पा, काय ऐट होती माझी!

पहिला दिवा मी आसेगावच्या मावशीला दिला. आसेगाव माझं जन्मगाव. मावशी नात्याची नव्हती, वस्तीतली दाई; मलाही तिनेच जगात आणलं होतं. वीज गावात आली होती, पण आमच्या बौद्ध वस्तीच्या अलीकडच्या खांबावर येऊन थांबली होती. त्यामुळे मावशी चिमणीच्या उजेडात बाळंतपणं करायची. तिच्या स्वतःच्या लेकीच्या पहिल्या खेपेला चिमणी ऐन वेळी विझली. काडी सापडेपर्यंत बाळाच्या गळ्याभोवतीची नाळ मावशीला दिसली नाही. बाळ गेलं. आता तीच लेक पुन्हा माहेरी आली होती, आठवा लागला होता.

"या खेपेले मले डोयानं दिसलं पायजे, लेका," मावशी एवढंच म्हणाली होती.

पहिले चार दिवस दिवा झकास चालला. अख्खी वस्ती तो पाहून गेली, गावातले पाटीलसुद्धा येऊन गेले. पाचव्या दिवशी मावशी डबा मांडीवर घेऊन बसने आली आणि दुकानात हजर.

"दिवा भरत नाई," ती म्हणाली.

"उनात ठेवला होता?"

"दिवसभर छपराच्या कवेलूवर होता."

"मंग ऊन कोनं खाल्लं?"

तिने प्लेट माझ्यापुढे केली. मी प्लेट उन्हात धरली, तर मीटरचा काटा टुणकन उडाला. काही बिघाड नव्हता. मी दिवा परत दिला. आठ दिवसांनी ती पुन्हा आली, तीच तक्रार घेऊन. माझ्याकडे तोच काटा तसाच उडाला. आता मात्र माझी खात्री पटली की बाई खोटं बोलून राह्यली. तिच्या लेकाने नुकताच ट्रान्झिस्टर घेतला होता. ट्रान्झिस्टर सहा व्होल्टचा, बॅटरीही सहा व्होल्टची. दोन तारा जोडल्या की गाणी सुरू! मी मनातल्या मनात त्या पोराला रंगेहाथ पकडलासुद्धा. डबा कोणी उघडला तर कळावं म्हणून मी स्क्रूंवर लाख लावली, तिला न सांगता, आणि दिवा परत दिला.

मग एक दिवस भर दुपारी, न कळवता, मी आसेगाव गाठलं. मला दुरून येताना पाहताच मावशी लगबगीने उठली, छपरावरची प्लेट खाली काढली, पदराने काच पुसली आणि मग माझ्या हातात दिली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच, मी म्हटलं. डबा उलटा केला तर लाख शाबूत. तरी माझं मन म्हणालं, पुन्हा लावली असेल, लाख काय कुठेही मिळते!

"तुह्या पोराचा रेडिओ कशावर चालते?" मी सगळ्यांसमोर विचारलं.

मावशीचा चेहरा उतरला. "त्याचे शेल हायेत त्याच्यात, उघडून पाय," ती म्हणाली. मी उघडून पाहिलंही नाही. दिवा उचलला आणि मंगरूळला घेऊन आलो. ज्याला कदर आहे त्याला देऊ, असं मी वस्तीला ऐकवून आलो. लेकीला नववा लागला होता हे मला माहीत होतं. तरी आणला. आज लिहितानाही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

तीन आठवड्यांनी निरोप आला की लेक बाळंत झाली, मुलगी झाली. मी पाहायला गेलो. मावशी पाण्याला गेली होती. लेक बाजेवर पडल्या पडल्या म्हणाली, "आईनं एका हातात चिमनी धरली अन् एका हातानं नाळ सोडवली, दादा. पोरीच्या गयात याही खेपेले आलती. आईचा तयवा पोयला, पन तिनं चिमनी सोडली नाई."

मी खाली मान घालून बाळाकडे पाहत राहिलो. त्याच्या गालावर काजळाचा ठसठशीत टिक्का होता, अंगठ्याएवढा.

"आई तुमच्या दिव्याच्या काचीलेई लावे असाच," लेक सहज बोलून गेली. "एवढे लोकं पाहून जायचे, दृष्ट लागन म्हने. रोज सकायी काच पुसून नवा लावे, लेकराले लावते तसा."

"मले तं कधी दिसला नाई."

"तुमी हासान म्हनून पुसून टाके ना. तुमी वस्तीत भाषनं देता, दृष्ट-बिष्ट सारं झूट हाये म्हून."

मी दुकानात येऊन प्लेट उन्हात ठेवली आणि एका तुकड्यावर अंगठा दाबला. काटा पार खाली बसला. हातोहात बादल्या देणाऱ्या रांगेतला एक जण थांबला की सगळी रांग थांबते, तसं माझं जोडकाम होतं. ते मला कळायला हवं होतं, मावशीला नव्हे. कारागीर मी, आणि चोर ठरवलं तिला.

चार दिवस खपून मी उरलेल्या चकत्यांची दुसरी रांग बसवली. एक रांग झाकली तरी दुसरी बॅटरी भरत राहील, अशी. दिवा घेऊन आसेगावला गेलो. मावशीच्या तळव्याला चिंधी बांधलेली होती.

"चुकलं माहं, मावशे," मी म्हटलं. "आता लाव टिक्का, पायजे तेवढा. दिवा भरते."

तिने दिव्याकडे पाहिलं, हात मात्र लावला नाही. "चांगला केला," ती म्हणाली. "पन मले नोको, लेका. आता बिघडला तं तू पयले माह्याच घरात पाहाशीन."

मी खूप गयावया केली आणि शेवटी दिवा उंबरठ्याच्या आत ठेवून निघून आलो. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसच्या कंडक्टरने तो माझ्या दुकानात आणून दिला. मावशीने पाठवलाय, म्हणाला, सांभाळून द्या म्हणाली.