गुलाबाच्या वासाचं पापलेट

पनवेलच्या बाजारात माझ्या आयच्या पाटीवरचा मासा कुणी हुंगून घेत नसे. बढाई म्हणून नाही सांगत. बाकीच्या बायकांकडे गिऱ्हाईक आलं की आधी मासा उचलायचं, कल्ला उघडून लाल आहे का बघायचं, मग त्यात नाक खुपसायचं. आयकडे आलं की नुसतं विचारायचं, "आज काय?" आय सांगेल ते पिशवीत पडायचं. मासा कालचा असेल तर तीच म्हणायची, "आज नको, उद्या ये." हा मान तिने कितीतरी वर्षं उन्हातान्हात बसून कमावला होता, आणि तो मी पंधरा दिवसांत घालवला. तेही तोंडावरच्या मुरुमांपायी.

तेव्हा पनवेलला रेल्वे आली नव्हती. मी सतरा वर्षांची, सातवी पास, आयच्या शेजारी बसून कोळंबी सोलायची. आयच्या हातांची पार दशा झाली होती. दिवसभर बर्फ आणि मीठ, घरी गेलं की वास घालवायला धुण्याचा सोडा. बोटांच्या पेरांना अशा भेगा पडल्या होत्या की भाकरी थापताना ती ओठ चावायची. एकदा पापलेटावर रक्ताचा थेंब पडला. समोरच्या बाई म्हणाल्या, "हे रक्त माशाचं की तुमचं?" आयने तो मासा बाजूला ठेवला आणि दुसरा दिला. पण तिला ते फार लागलं. त्या आठवड्यात ती डॉक्टरकडे जायला तयार झाली. नाहीतर डॉक्टर म्हणजे मरायला टेकलेल्या माणसाने जायची जागा, असं तिचं मत.

मुंबईहून एक कातडीचे डॉक्टर दर गुरुवारी यायचे आणि कापडाच्या दुकानावरच्या माडीवर बसायचे. गुरुवारी अर्धं पनवेल मासळीला शिवत नाही, त्यामुळे बाजारातल्या बायका मोकळ्या. माडीवर गेलो तर बाकावर सगळ्या आमच्याच. डॉक्टरांना बहुधा वाटत असावं की पनवेलला फक्त कोळणींनाच कातडी आहे.

डॉक्टर सज्जन होते. आयचे हात त्यांनी खिडकीशी नेऊन उलटेसुलटे पाहिले.

"बर्फाला हात लावायचा नाही," ते म्हणाले.

"बरा," आय म्हणाली.

"मिठाला तर मुळीच नाही. हात कोरडे ठेवायचे. सोडा बंद. कोमट पाण्यानं धुवायचे, पुसताना घासायचं नाही, मऊ कापडानं टिपायचं. ओलसर असतानाच मलम चोळायचं, दिवसातून चार वेळा. अकरा ते तीन उन्हात बसायचं नाही. आठ तास झोप."

प्रत्येक वाक्याला आय मान डोलवून "बरा" म्हणत होती. मला हसू आवरेना. मग डॉक्टर माझ्याकडे वळले. माझ्या गालांवर मुरुमांचं पीक आलं होतं. ते म्हणाले, "पिळू नकोस. दोन वेळा साध्या पाण्यानं धू. बाकी काही लावू नकोस, आपोआप जातील."

माझं डोकंच फिरलं. साधं पाणी सांगायला हा माणूस मुंबईहून एसटीचे धक्के खात येतो काय? आयला नऊ सल्ले आणि मला पाणी. मी तोंड फुगवून बसले. मला वाचता येतं म्हटल्यावर डॉक्टरांनी मलमाची चिठ्ठी मराठीतच लिहिली आणि माझ्या हातात दिली. जिना उतरताना आय म्हणाली, "मानूस चांगला हाय. पन मासली कशी येते ते त्याला म्हाईत नाय."

चिठ्ठीत स्पष्ट लिहिलं होतं: साधं पांढरं मलम, सुगंध नसलेलं. आय कोपऱ्यावर थांबली आणि मला औषधाच्या दुकानात पाठवलं. मी शेजारच्या कटलरीच्या दुकानात शिरले. तिथे काचेच्या कपाटात गुलाबी झाकणाची बरणी होती, गुलाबाच्या वासाची क्रीम. ती मी तीन महिने येताजाता बघत होते. आयच्या हाताला लागेल, उरलेली माझ्या तोंडाला लागेल, असा माझा हिशेब. आयला वाचता येत नव्हतं. मी बरणी आणि चिठ्ठी तिच्या हातात दिली आणि म्हटलं, "डॉक्टरांनी हेच लिहिलंय." तिने झाकण उघडलं, वास घेतला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि बरणी कमरेला खोचली.

आता आयचा स्वभाव असा की एकदा एखादी गोष्ट मानली की ती तडीस न्यायची. बर्फ सोडणं शक्य नव्हतं, मग बाकीचं तिने दामदुपटीने केलं. दुसऱ्या दिवशी बाजारात भली मोठी काळी छत्री घेऊन आली. अकरा वाजले की छत्री उघडायची. आधी स्वतःवर धरली, मग तिला वाटलं की मासळीला पण कातडी हाय, आणि छत्री पाटीवर गेली. आय उन्हात आणि पापलेटं सावलीत. मासे धुतल्यावर घासणं बंद झालं, माझ्या जुन्या परकराच्या तुकड्याने ती एकेक मासा टिपायला लागली, न्हालेल्या पोराला टिपतात तसा. आणि दिवसातून चार वेळा बरणी. चोळलेल्या हातांनी लगेच मासा उचलून गिऱ्हाइकाच्या पिशवीत. मीही घरी चोरून गालांना लावत होते. मुरुमं दुप्पट झाली, ते सोडा.

आयचे हात मात्र सुधारले. आठव्या दिवशी भेगा मिटल्या. ती बसल्या बसल्या बोटं उघडमीट करून बघायची, आणि मला वाटायचं की केलं ते बरंच केलं.

आमच्याकडचा मासा कुणी हुंगतच नव्हतं, त्यामुळे बाजारात कुणाला काही कळलं नाही. कळलं ते लोकांच्या घरी, चुलीवर. पंधराव्या दिवशी सकाळी मामलेदार कचेरीतले एक निवृत्त कारकून, आयचं जुनं गिऱ्हाईक, पितळी डबा घेऊन आले आणि पाटीसमोर उघडून ठेवला. आत पापलेटाचं कालवण होतं.

"वास घ्या," ते म्हणाले. "आमच्या घरी नातवंडं विचारतायत, लग्न कुणाचं आहे?"

शेजारच्या पाटीवालीने डब्यात नाक घातलं आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणाली, "अगं बाय, ही शिल्या मासलीला गुलाबपानी मारते."

झालं. पाच मिनिटांत रिंगण जमलं. कुणी म्हणे म्हणूनच छत्री आणली, कुणी म्हणे म्हणूनच मासे पुसते. आय उभी राहून म्हणाली, "मासली आजची हाय. हा वास डाक्टरच्या मलमाचा हाय." कुणाचा विश्वास बसेना. बाजारातली भांडणं तोडणारी एक म्हातारी होती, तिला आणलं. तिने आयच्या पाटीतलं एक पापलेट उचललं, कल्ला उघडला, डोळे मिटून लांब श्वास घेतला. ती चाळीस वर्षं तपकीर ओढत होती. "मला कायच वास येत नाय," ती म्हणाली. लगेच दोन तट पडले. एक म्हणे वास नाही म्हणजे मासा ताजा, दुसरा म्हणे म्हातारीच्या नाकाने निकाल कसला द्यायचा? मग कुणीतरी बाजारातलं मांजर धरून आणलं. मांजराने मासा हुंगला, दोनदा शिंकलं आणि निघून गेलं.

आयचा चेहरा उतरला. इतकी वर्षं कोणी नाक लावलं नव्हतं तिथे मांजर शिंकून गेलं होतं. तिने कनवटीतून डॉक्टरांची चिठ्ठी काढली आणि कारकुनांना दिली. "साहेब, तुमीच वाचा. यात लिवलंय."

कारकुनांनी चष्मा लावला आणि कचेरीत अर्ज वाचावा तसं वाचलं: "साधं पांढरं मलम. सुगंध नसलेलं." मग चष्म्यावरून आयकडे बघितलं.

आता आय चोर आणि वर खोटारडी. मला बोलायचं होतं. मी, मी आणलं, माझ्या तोंडासाठी, एवढंच म्हणायचं होतं. पण मी खाली बघून कोळंबी सोलत राहिले. शेजारची माझे गाल निरखून बघत होती. आणखी एक पाऊल पुढे आली असती तर तिला तोच वास आला असता. आय मधे आली.

"सुगंध नको लिवलं व्हतं," आय म्हणाली. "मीच पोरीला वासाचं आनायला धाडली. माज्या हाताला वास पायजे व्हता. बस."

मग एक हसली, दुसरी हसली, आणि सगळा बाजार हसला. या वयात हिला गुलाबाची हौस. म्हातारीही तोंडाला पदर लावून हसत होती. कारकुनांनी डबा बंद केला आणि जाताना एक मासा घेतला. कल्ला उघडून, हुंगून घेतला.

घरी जाताना मी रडत म्हटलं, "आय, माझ्यासाठी खोटं का बोललीस?"

"खोटं नाय," ती म्हणाली. "झाकन उघडलं तवाच कललं. औषधाला कदी असा वास असतो? पन मला आवडला. चिठ्ठीत नुसतं मलम लिवलं आसंल, वास नको लिवलंय ते म्हाईत नव्हतं." मग बरणी माझ्या हातात दिली. "आता तूच लाव."

मी ती खाडीत फेकली. मला माझाच इतका संताप आला होता की आयवर ओरडले, साधं मलम आणू, उद्याच आणू. आणलंही. वास नसला तरी तिने त्याला हात लावला नाही. कारण त्या दिवसापासून गिऱ्हाईकं आधी मासा हुंगायची आणि मग म्हणायची, "मावशी, हात बघू." आय हात पुढे करायची. बर्फाचा, मिठाचा, पुन्हा भेगा पडलेला तो हात लोक नाकाशी नेऊन बघायचे, आणि मासळीचा वास आला की समाधानाने पिशवी उघडायचे.