मिस केरल बघायला जायचं होतं

घमापुरात आमचं माशांचं दुकान आहे. खायच्या नाही, काचेच्या टाकीत ठेवायच्या. माझा नवरा ते पंचवीस वर्षं चालवतो आहे. मासे प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून, थर्माकोलच्या डब्यातून यायचे. त्यातल्या मिस केरल नावाच्या माशावर यांचा फार जीव. रुपेरी अंग, डोळ्यापासून निघालेली लाल रेघ आणि तिच्याखाली काळी. "हा त्याच्या घरी कसा पोहत असेल, एकदा पाहायचं आहे मले," असं हे नेहमी म्हणत.

साठी उलटल्यावर यांनी ठरवलंच. केरळच्या डोंगरात, ओढ्याच्या पाण्यात उतरवून मासे दाखवणारा एक माणूस मोबाईलवर शोधला. कोइमतूरपर्यंतची तिकिटं काढली. पाण्यात लावायचे चष्मे आले, श्वासाच्या नळ्या आल्या, रबरी जोडे आले. एका सकाळी ग्वारीघाटावर नदीत तालीम करायला गेलो. हे डोकं बुडवून बाहेर आले ते कान धरूनच. दोन दिवस ठणका थांबेना, म्हणून ओमती भागातल्या कानाच्या डॉक्टरकडे नेलं.

"पर्दे में छेद है, दादा," डॉक्टर म्हणाले. "सिर पानी में बिलकुल नहीं डालना. नदी-वदी भूल जाइए."

घरी चहा पिताना हे म्हणाले, "तू पाहशील का? मी काठावर बसतो. तू पाहून सांग मले."

मला ना पोहता येत, ना माशांचं वेड. पण नाही म्हणवलं नाही. मग मी रोज न्हाणीत बादलीत तोंड बुडवायची आणि हे शेजारी स्टुलावर बसून आकडे मोजायचे. नळीतून श्वास घ्यायचा हे डोक्याला कळे, छातीला कळत नसे. सहाच्या वर काही मी गेले नाही. एकदा नाकात पाणी गेलं आणि मी रडायलाच लागले.

"काहून रडून राहिली? होते हळूहळू."

"नाही होत जी. मले नाही जमत."

"सात झाले आज," हे म्हणाले. झाले नव्हते.

निघायला आठ दिवस असताना यांनी त्या माणसाला फोन लावला. कानामुळे फोन स्पीकरवरच असायचा. "मिस केरल दिखेगा न, भैया?"

"वो अब नहीं है, अंकल. पहले बहुत था. मछली का दुकान के वास्ते लोग जाल लेके आया, सब ले गया. दूसरा छोटा-छोटा मछली दिखाएगा." मग त्याने सहज विचारलं, "आप क्या काम करता है, अंकल?"

"रिटायर हूँ," हे म्हणाले. मी यांच्याकडे पाहिलं. यांनी मान वर केली नाही.

फोन ठेवल्यावर हे म्हणाले, "पिशवीतच अर्धे मेलेले निघायचे. मी नालीत टाकून द्यायचो."

"तुम्ही नसते मागवले तर दुसऱ्यानं मागवले असते."

"हो नं. सगळे असंच म्हणत आले, तसेच तर गेले."

मी म्हटलं, तरी जाऊ, दुसरे मासे असतील, डोंगर असतील. "आता कोणत्या तोंडानं जाऊ?" म्हणाले. तिकिटं रद्द केली, सामान दिवाणात गेलं. खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं, आणि मग त्याचीच लाज वाटली.

पुढे एका व्यापाऱ्याने सांगितलं की आता हे मासे हौदात पैदा करतात, ओढ्यातून आणत नाहीत. "अच्छा, चांगलं आहे," हे म्हणाले. मागवले मात्र नाहीत.

दुकान अजून रोज उघडतात. टाकीतला एखादा मासा मेला की त्याच्या जागी नवा आणत नाहीत. पाच टाक्या रिकाम्या झाल्या आहेत. सगळे संपले की काय करायचं, असं मी एकदा विचारलं.

"बसू," म्हणाले.