खालापूरच्या देवळातला वारा

कर्जत-खालापूर भागात काय पाहावं, असं हा ब्लॉग वाचणारे बरेच जण विचारतात. कोंडाण्याची लेणी पाहा. जानेवारीत गेलात तर पोपटी खा. मी स्वतः तिकडे पहिल्यांदा गेले ती मात्र एका देवीशी भांडायला.

साठच्या दशकातली गोष्ट. मी पुण्यात बी.एस्सी.ला होते. होस्टेलवर माझ्याच खोलीत राहणारी सुशीला संक्रांतीला गावी गेली आणि आठ दिवसांनी तिचं पोस्टकार्ड आलं : ‘स्थळ आलंय. शिकू द्यायचं की लग्न करायचं, यासाठी आप्पा रविवारी देवीला कौल लावणार आहेत. डावा पडला तर माझी ट्रंक पाठवून दे.’

देव नाही, हे मी तेव्हा मेसमध्ये रोज सिद्ध करत असे. शनिवारी सकाळची पॅसेंजर धरली.

घाट उतरून कर्जतला आलं की थंडी कमी होते आणि भूक वाढते. फलाटावर दोन गरम बटाटेवडे घेतले, कागदाला तेल लागायच्या आत संपवले. तिथून खोपोलीची गाडी. डबे जवळजवळ रिकामे, दोन्ही बाजूंना कापलेली भातशेतं आणि त्यांत हिरवा वाल. खोपोलीला उतरून शिळफाट्याला चहा घेतला आणि पुढे तीन मैल बांधांवरून चालत गेले. आता रिक्षा मिळते; तरी चालाच. गावाचं नाव देत नाही. माणसं अजून तिथे आहेत.

संध्याकाळी खास माझ्यासाठी पोपटी लावली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला आणि वालाच्या शेंगा भरायच्या, मडकं उपडं घालायचं, भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंब नाही. असा वास मी पुन्हा कुठे घेतलेला नाही. शेंगा सोलता सोलता सुशीलाच्या आप्पांनीच विषय काढला.

‘‘बाय, तू देव नाय मानत म्हनं?’’

‘‘नाही मानत.’’

‘‘मंग पोरीचं काय करायचं, त्ये आमाला कोन सांगनार?’’

‘‘तुम्हीच ठरवा. मुलगी तुमची आहे.’’

आप्पा हसले. ‘‘आमी ठरवलं तं भावकी तोंडात शेन घालंल. देवीनं ठरवलं तं कोन बोलतंय?’’

सुशीलाची चुलत बहीण इंदू शेजारी बसून माझ्यापुढे शेंगांचा ढीग लावत होती. सातवीत शाळेत पहिली आलेली मुलगी. दोन वर्षांपूर्वी तिच्यासाठीही कौल लावला होता. डावा पडला. आता तिच्या मांडीवर मूल होतं.

रविवारी सकाळी कौलारू देवळात भावकी जमली. गुरवाने शेवंतीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून देवीच्या दोन खांद्यांना चिकटवल्या. उजवी आधी पडली तर शिकायला होकार, डावी पडली तर नकार. सुशीला खांबाला टेकून उभी होती. मी हात जोडले नाहीत. घड्याळ पाहत होते.

डावी पडली.

गुरव म्हणाला, ‘‘डावा.’’ आप्पा बराच वेळ त्या पाकळीकडे बघत राहिले. मग घसा खाकरून म्हणाले, ‘‘वारा आला. परत लाव रं.’’

समईची ज्योत हललीसुद्धा नव्हती. तसं सांगायला मी तोंड उघडलं, तोच सुशीलाने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की वळ चार दिवस राहिला. मी गप्प बसले. पुरावा समोर असताना गप्प बसण्याची ती माझी पहिली वेळ.

दुसऱ्यांदा उजवी पडली. ‘‘देवीची मर्जी!’’ म्हणत आप्पांनी लोटांगण घातलं. उठले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. भावकीतलं कोणी बोललं नाही.

दुपारी आम्ही परत निघालो. आप्पा आणि सुशीला पुढे, मागे मी आणि डोक्यावर माझ्यासाठी शेंगांचं गाठोडं घेतलेली इंदू. शिळफाटा दिसू लागला तेव्हा ती म्हणाली, ‘‘बेस झालं गं. सुशी शिकंल.’’ मग थोडं चालून, ‘‘माज्या टायमाला वारा नाय आला.’’

त्या वेळी कौल तिच्या वडिलांनी, आप्पांच्या थोरल्या भावाने, लावला होता.

सुशीला पुढे मुख्याध्यापिका झाली. देवीनेच शिकवलं, असं ती आजही म्हणते आणि दर संक्रांतीला ओटी भरायला जाते. मी तिच्याशी वाद घालत नाही, वळ आठवतो. पण देव का मानत नाही, असं कोणी विचारलं तर मी तत्त्वज्ञान सांगत नाही, त्या दोन बापांचं सांगते. देवी तीच, गुरव तोच, पाकळ्याही त्याच झाडाच्या. एकाला मुलीला शिकवायचं होतं, त्याला वारा लागला.

होस्टेलवर पोचल्यावर गाठोडं सोडलं. शेंगा एकसारख्या, निवडून घेतलेल्या, एकही किडकी नाही. मेसच्या बाईने त्यांची उसळ केली आणि सगळ्या मुली वाटी पुढे करून पुन्हा मागत होत्या. इंदूला आभाराचं पत्र लिहायला मी त्याच रात्री बसले. पहिल्या ओळीपुढे काय लिहावं, ते मला अजून सुचलेलं नाही.