प्लुटोभोवती शेवरी

वडील सावद्यात केळीचे घड वाहायचे. घरात दिवा एकच, तोही चुलीपाशी. म्हणून संध्याकाळी मी शेजारच्या अक्कांच्या ओट्यावर, त्यांच्या रॉकेलच्या चिमणीपाशी अभ्यासाला बसायचो. बी.एस्सी.ची तोंडी परीक्षा हुकली असती, तर घड वाहणं मलाही चुकत नव्हतं.

अक्कांचं माहेर शिंदखेड्याकडचं, त्यामुळे ‘आहे’ला ‘शे’ म्हणायची त्यांची अहिराणी सवय कधी सुटली नाही. तूर निवडता निवडता त्या मला सगळं मोठ्यानं वाचायला लावायच्या.

“प्लुटोवरच्या बर्फाची थोडी वाफ होते, तीच त्याची विरळ हवा,” मी एकदा वाचलं. “सूर्याकडून विद्युतभारित कणांचा वारा येतो आणि त्यातली काही उडवून नेतो.”

अक्कांचा हात सुपातच थांबला. सूर्याकडचा वारा म्हणजे त्यांच्या लेखी केळीची पानं फाडणारी वैशाखातली झळ. झळ लागू नये म्हणून आमच्याकडे बागेच्या कडेनं शेवरी लावतात.

“मंग तेना भवती शेवरी नही लाई का कोनी?”

“नाही अक्का. पण खालचा बर्फ नवी हवा देत राहतो.”

“मंग ठीक शे.”

तेव्हापासून मी दिसलो की आधी विचारायच्या, “तेनी हवा शे ना आजून?”

वारा सुटला की सूप उचलून चिमणीच्या त्या अंगाला, वाऱ्याकडे पाठ करून बसायच्या. मी बघत राहिलो तर म्हणायच्या, “वाच ना भाऊ, मन्हाकडे काय देखस?”

जळगावला परीक्षकांनी नेमका तोच वारा विचारला. शेवरी सोडून बाकी सगळं मी सांगितलं.

मी बी.एस्सी. झालो. आमच्या घरातला पहिला.