सोमलीचा सातवा फोन

माझी मोठी बहीण सुहासिनी लोकांशी नुसतं बोलून पोट भरते, हे आमच्या नेरमध्ये अजून कोणाला पटलेलं नाही. मला तरी कुठे पटलं होतं! पुण्यात वीस वर्षं काढून ती आईच्या आजारपणासाठी परत आली. आई गेली, ही इथेच राहिली. वरच्या खोलीत एक खुर्ची, एक लॅपटॉप आणि मागे कोरी भिंत, एवढाच तिचा दवाखाना. दवाखाना म्हटलेलंही तिला चालत नाही. मी पंचायत समितीतला कारकून, मला शब्दांचे असले चोचले जमत नाहीत.

"तुझं ते इंटिग्रेटिव्ह समुपदेशन म्हणजे काय ते तरी सांग," मी एकदा म्हणालो.

"एकच पद्धत धरून बसायचं नाही. ज्या माणसाला जे मानवेल ते."

"म्हणजे आपल्या गावच्या वैद्यासारखंच की!"

ती हसली नाही. हसणं तिचं तसंही कमीच. मूल लहानपणी कोणाला घट्ट धरतं आणि तो हात सुटला तर पुढे जन्मभर काय होतं, हा तिचा विषय. पुण्या-बंगलोरची माणसं कानात हेडफोन घालून, दार लावून तिच्याशी तासभर बोलायची. एक बाई तर अमेरिकेहून बोलायची. खाली मला फक्त ताईचं "हं, हं" ऐकू यायचं.

२०१७च्या पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यात कपाशीवर औषध फवारताना किती माणसं गेली, ते सगळ्यांना ठाऊक आहे. पुढच्या जानेवारीत एका संस्थेनं ताईला विचारलं, गेलेल्यांच्या बायकांशी फोनवर बोलाल का? ताई लगेच हो म्हणाली. त्यातलीच एक सोमली. महागावकडच्या एका तांड्यावरची, वय तेवीस, पदरात अडीच वर्षांची मुलगी. नवरा फवारणी करून आला, उलट्या झाल्या आणि तिसऱ्या दिवशी गेला.

दर मंगळवारी अकराला फोन. ताई आधी विचारायची, "मोकळं बोलता येईल ना?" सोमली म्हणायची, "हाव मॅडम." मग जेवलीस का, झोप लागते का, छातीत कसं वाटतं. सगळ्याला एकच उत्तर, "बरं हाये." सहा फोन असेच गेले. ताई मला म्हणाली, "पोरगी गोठून गेली आहे. काहीतरी आत धरून ठेवलंय तिनं. ते बाहेर आल्याशिवाय ती मुलीलासुद्धा जवळ घेऊ शकणार नाही."

सातव्या फोनला ते बाहेर आलं. ताईनं फार हळू, फार मायेनं विचारलं होतं, त्या दिवसाचं काय आठवतं म्हणून. मग सोमली म्हणाली, "औषध म्या कालवलं होतं, मॅडम. त्याचा हात दुखत होता. दोन डबे एकात टाक म्हने, म्या टाकले."

आणि त्याच क्षणी फोनमधून पाच-सात माणसांचा गलका ऐकू आला. कोणी खाकरलं, एक म्हातारी काहीतरी ओरडली, फोन बंद झाला.

दुपारी संस्थेच्या माणसाकडून कळलं ते असं: तांड्यावर फोन एकच, सोमलीचे सासरे देवसिंग यांचा. रेंज लागते ती फक्त देवळाच्या ओट्यावर. मॅडमचा फोन म्हणजे मोठा मान, तो सुनेनं एकटीनं कानाला लावून बसणं बरं दिसत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून फोन स्पीकरवर, आणि सासू-सासरे, दीर रूपसिंग, शेजारपाजार सगळे भोवती बसून ऐकायचे. मॅडमला नाही कसं म्हणायचं, म्हणून सोमली "हाव" म्हणायची. दार लावून बोलणाऱ्यांची सवय झालेल्या माझ्या बहिणीच्या हे स्वप्नातही आलं नाही. वीस वर्षं पुण्यात राहिली म्हणून काय झालं, जन्म तर इथलाच ना! मला तिचा भयंकर राग आला.

राग वाढला, कारण त्याच दिवशी चार वाजता तिनं पुण्याचा फोन ठरल्यासारखा घेतला. आवाज नेहमीचा. रात्री मात्र ताटातला वरण-भात तसाच राहिला.

"रडून तरी घे," मी म्हणालो.

"मले काही वाटूनच नाही राह्यलं, चारू." कित्येक वर्षांनी ती घरच्या बोलीत बोलली.

महिनाभर देवसिंगांचा फोन लागला नाही. संस्थेची माणसं म्हणाली, बघतो. शेवटी ताई म्हणाली, आपणच जाऊ. दारव्हा, दिग्रस, पुसद अशा बसा बदलत आम्ही महागावला आणि तिथून ऑटोनं तांड्यावर पोचलो.

देवसिंगांनी अंगणात खाट टाकली, पाणी दिलं, चहा ठेवायला सांगितलं. शिव्या खायची तयारी करून गेलेला मी त्या पाहुणचारानं जास्तच लाजलो.

"सोमली?" ताईनं विचारलं.

"बापाच्या घरी गेली. पांढरकवड्याकडं. त्याच दिवशी."

"तुम्ही काढलं?"

"आमी कायले काढू?" म्हातारा शांतपणे म्हणाला. "आमाले पयल्या दिवसापासून मालूम होतं. तिच्या हाताची सालं निघत होती आठ दिवस, आमाले का दिसत नोतं? पन कोनी बोललं नाई. तिलेबी वाटे कोनाले मालूम नाई. तशी राहत होती बिचारी. सगळ्याईसमोर बोलून बसली, मंग कोनत्या तोंडानं राहीन? पोरीलेबी नाई नेलं. म्हने, मी हिच्या बापाले मारलं."

ताईनं पाण्याचा पेला खाली ठेवला.

तेवढ्यात सोमलीची मुलगी आतून आली. आमच्याकडे पाहिलं, आणि सरळ येऊन ताईच्या मांडीवर बसली. जन्मात न पाहिलेल्या बाईच्या. तिच्या पदराशी खेळू लागली.

"किती गुणी आहे," मी आपलं काहीतरी म्हणालो. "कोणालाही भीत नाही."

"पयले पंधरा दिवस लय रडली," तिची आजी म्हणाली. "दारातून हालत नोती. आता कोनाजवळबी जाते. आता बरी हाये."

महिन्याभरात पहिल्यांदा मला ताईचा चेहरा माणसासारखा दिसला, आणि तो बघवेना. अडीच वर्षांचं लेकरू परक्या मांडीवर असं मुकाट बसतं, म्हणजे त्यानं आईची वाट बघणं सोडलेलं असतं, हे त्या अंगणात तिला एकटीला कळत होतं.

"मला सोमलीच्या बापाच्या गावाचं नाव सांगा," ती म्हणाली. "मी तिला आणायला जाते."

देवसिंगांनी नाव सांगितलं, बस कुठे थांबते तेही सांगितलं. मग नातीला ताईच्या मांडीवरून उचलून घेत ते म्हणाले, "आना, मॅडम. पन तिले आता इचारू काई नका."

ताईनं मान डोलावली आणि चप्पल घातली.