खिळ्यावरची काठी

हे मी आजवर कुणापुढे बोलले नाही. नवऱ्यापुढे नाही, देवापुढेही नाही. तुम्ही समोर बसल्यासारखे वाटता, म्हणून लिहिते.

तेव्हा आमच्या रेडी बंदरात खनिज न्यायला जपानी बोटी यायच्या. एका बोटीवरच्या साहेबानं लाकडी जाळीचा तुकडा दाखवला, तशी खिडकीची जाळी करून मागितली. खिळा नाही, सरस नाही — खाचेत खाच बसवून केलेली फुलं. आमच्या चार सुतार घरांचा मिळून एक मांगर होता, कामाची शेड, त्यात इंजिनावरची गोल करवत. पट्ट्या माझे दीर, वासूभावजी, कापायचे; बसवायचे मी. मासे धरायचं जाळं म्हणून ते चिडवायचे, "वैनी, ह्या जाळीत पेडवे तरी गावतीत काय गो?"

मांगराचा एक नियम होता. करवतीखाली लाकडाचं शेवटचं टोक बोटानं ढकलायचं नाही. खिळ्यावर टांगलेल्या काठीनं ढकलायचं. सासऱ्यांनी शिवणीच्या लाकडाची केलेली ती काठी. दसऱ्याला तिलाही फूल वाहायचो.

बोट सुटायच्या आदल्या दिवशी चार पट्ट्या कमी पडल्या. उरलेलं लाकूड ओलं, वाकणारं. आणि ती काठी — वर्षानुवर्षं सुकलेली, सरळ. सगळे जेवायला गेले होते. मी काय केलं असेल? पटाशीनं उभी चिरली. संध्याकाळी दुसरी करून टांगू, म्हटलं.

पट्ट्या अशा बसल्या, की खिळा रिकामा आहे हे विसरलेच. विसरले? — नाही. भावजी आले, इंजिन सुरू केलं, खिळ्याकडे हात नेला. "वैनी, काठी बघलंस काय गो?"

मी मान हलवली. नाही म्हणून. वर बघितलंसुद्धा नाही. करवतीचा आवाज लाकडात शिरताना जाड होतो. तो जाड झाला — आणि मग बदलला.

उजव्या हाताची तीन बोटं गेली.

सासऱ्यांनी विचारलं, "काठी खंय आसा?" भावजींना तोवर गाडीत घातलं होतं. मी म्हटलं, "भावजींनीच खंयतरी टाकली असतली. ते हातानच सरकयतत." कुणी विचारलं होतं मला एवढं पुढचं? त्यांनी काठीवाचून कधी फळी सरकवली नव्हती.

दवाखान्यातून आल्यावर ते ऐकून भावजींनीही खरं मानलं. पुढे बरीच वर्षं, मांगरात कुणी नवा आला, की भावजी बोटं गेलेला हात वर करून सांगायचे, "काठी जाग्यार ठेवा रे. मियाच खंयतरी टाकलेली."

मी तिथेच बसलेली असायचे, पट्ट्या घासत. काठी जपानला गेली होती. मी पाठवली होती.